कमरपट्टा भिंतीवर दिसला

वडवणीजवळच्या एका खेड्यात भिवराबाई शेजारच्या केशरबाईकडे दळणाला जायची. केशरबाईचा चांदीचा कमरपट्टा हरवला आणि आळ भिवरावर आला. गावचा पंच हरिबा म्हणाला, "खरी असलीस तर पोळणार न्हाईस." त्यानंच मनगट धरून तिचा हात उकळत्या तेलात बुडवला. हात पोळला, ती चोर ठरली. तीन बोटं कायमची आखडली. नवऱ्यानं टाकलं, तेव्हा ती भावाच्या, सिदूच्या घरी येऊन राहिली. ते घर केशरबाईच्या घरामागं, उंचवट्यावर होतं.

सात वर्षं भिवरा गप्प होती, पण विसरली नव्हती. केशरबाईची हाक ऐकली तरी तिचे दात आवळायचे.

मग निजामी फसली सन तेराशे सत्तावीसच्या, म्हणजे इसवी सन १९१८च्या उन्हाळ्यात तिचे डोळे आले. वैद्यानं उजेड वर्ज्य सांगितला. सिदूनं खोलीच्या खिडकीला फळ्या ठोकल्या. एका फळीत गाठ निघून भोक पडलेलं होतं, तेवढं राहिलं.

डोळ्यांची सूज ओसरली, तशी एका दुपारी तिला समोरच्या भिंतीवर चित्र हलताना दिसलं. आभाळ खाली, झाड उलटं, वर जमिनीला लटकून उलटी कोंबडी चालत होती. आधी ती घाबरली. मग तिनं भोकावर हात ठेवला, चित्र गेलं. हात काढला, परत आलं. भोकातून उजेडासंगं आलेलं ते केशरबाईचं परसू होतं.

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, केशरबाईच्या घरची गडीमाणसं वडवणीला गेल्यावर हिरव्या लुगड्यातली उलटी बाई गोवऱ्यांच्या ढिगातून काहीतरी काढून राखेनं घासू लागली. ते लखलखलं. नणंदेला लग्नात द्यावा लागू नये म्हणून लपवलेला कमरपट्टा! खिडकी बंद झालेली पाहून केशरबाई निर्धास्त झाली होती.

भिवरानं लगेच आरडाओरड केली नाही. पुढच्या दोन बाजारांनाही बाई तेच करताना तिनं पाहिली. त्यानंतरच्या बाजाराच्या सकाळी तिनं सिदूला सांगितलं, "जा, हरिबाला अन् बाकीच्या पंचांला सांग, भिवराला गुन्हा कबूल करायचाय."

पंच आले. तिनं त्यांना त्याच अंधाऱ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसवलं. "बोल की," हरिबा म्हणाला.

"दम धरा."

उलटी बाई आली. चांदी लखलखली. म्हातारे पंच उठून उभे राहिले. एकानं देवाचं नाव घेतलं.

"भुताटकी न्हाई. खाली जा, हातोहात धरा तिला."

केशरबाई हातातल्या कमरपट्ट्यासकट सापडली. भर चावडीत तिला नणंदेसमोर सारं सांगावं लागलं. ती रडत भिवराच्या पायाशी आली. भिवरानं पाय मागं घेतले.

"रड. मीबी रडले होते. तवा तू हसलीस."

केशरबाईला सासरच्यांनी परळीला माहेरी धाडलं, ती परत आली नाही. हरिबाची पंचकी गेली. एका दुपारी तो दारात उभा राहिला. "पोरी, चुकलं माझं. पाणी तरी दे."

"आड हाय खाली," भिवरा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर गल्लीत समोरासमोर आले, तर भिवरा बाजूला व्हायची नाही. हरिबाच परत फिरायचा.