कान्हेरीत घातलेलं गाऱ्हाणं

आईची स्मरणशक्ती जायला लागली, तेव्हापासून देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतं. भांडण असं नाही. पण देव्हाऱ्यासमोर उभं राहिलं की मनात एकच यायचं, हिने आयुष्यभर तुझं नाव घेतलं आणि तू हिच्याकडून आमचीच नावं काढून घेतोस? बायको म्हणायची, "त्यांना घरात बसवून ठेवू नका, जरा फिरवा." मग मी आईला मुंबई दाखवायचा सपाटा लावला. महाकालीची लेणी झाली, जोगेश्वरीची गुहा झाली. जाऊ तिथली पाटी मी मोठ्याने वाचायचो आणि पुढे पदरचं थोडं जोडायचो. जाणकार म्हणून माझी ख्याती विक्रोळीच्या आमच्या इमारतीच्या गेटपर्यंतच आहे, ती वाढवायची ही आयती संधी होती. श्रोता असा की काल काय सांगितलं ते आज आठवणार नाही.

मार्गशीर्षात एका आडवारी आम्ही तिघं बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीला गेलो. गर्दी नव्हतीच. मोठ्या लेण्याच्या व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्तीसमोर आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली. "शांत आसा," एवढंच म्हणाली. वरच्या लेण्यांच्या पायऱ्या बघून बायको खालीच बसली. "माझे गुडघे नाही म्हणतायत. तुम्ही जा. पण अहो, त्यांचा हात सोडू नका."

मी हात सोडला तो पाटी दिसली म्हणून. भिक्षू पावसाचं पाणी कसं साठवायचे, हे मी दोन्ही हातांनी हवेत टाकी खोदून समजावत होतो. मागून हूं की चूं नाही, म्हणून वळलो, तर आई नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, पुढच्याच लेण्यात असेल. तिथे नव्हती. त्याच्या पुढच्यातही नव्हती. सगळी दारं सारखीच, आत सारखाच काळोख, आणि दर थोड्या अंतरावर कातळात कोरलेलं टाकं, त्यातलं पाणी काळं, न हलणारं. दिवस कलला होता. खालून रखवालदाराची शिट्टी ऐकू येत होती, उतरा म्हणून. मी "आई, आई" ओरडत होतो, पण त्याचा उपयोग नाही हे मलाच ठाऊक होतं. हल्ली ती मनाने माहेरच्या अंगणात असायची. खेळत्या पोरीला कोण आई म्हणणार? तिने वळावं तरी कशाला?

आणि माझ्या तोंडातून गाऱ्हाणं निघालं. आमच्या कोकणात काही अडलं की घरातला वडील माणूस देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. हे काम बाबांचं. मी कायम मागच्या रांगेत, उत्तर द्यायचं आणि खोबऱ्यावर डोळा ठेवायचा. देवांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची तेही मला येत नव्हतं. कुलदेवीला ग्रामदेवाच्या आधी हाक मारली, मग चुकलं म्हणून दोघांची माफी मागितली. "बा देवा महाराजा, माझी आवस हंय खंय हरवली हा. तिका माझ्या हाताक लावन दी रे महाराजा."

"व्हय महाराजा."

लेण्यात आवाज घुमतो, हे मलाही कळतं. पण "व्हय" मी म्हटलंच नव्हतं. आणि तो एकाचा आवाज नव्हता. पुष्कळ पुरुषांचा, खालच्या पट्टीतला, जणू सगळ्यांनी तोंडावर कांबळं ओढलंय. पळून जावंसं वाटलं आणि थांबायचीही हिंमत होईना. मी पुढचं वाक्य म्हटलं. उत्तर आलं, डावीकडून. मी तिकडे वळलो. काय काय मागितलं ते सांगता येणार नाही. सुचेल ते बोलत होतो आणि ते लोक सगळ्याला हो म्हणत होते. एका वाक्याला त्यांच्या मागून, किंचित उशिरा, एक बायकी आवाज मिसळला.

आई एका लहानशा खोलीत दगडी ओट्यावर बसली होती. डोक्यावर पदर, पाय पोटाशी. शेजारी माणसं दाटून बसावीत तशी ती ओट्याच्या अगदी कडेला सरकली होती. तिच्या चपला बाहेर टाक्याच्या काठावर होत्या, टोकं पाण्याकडे.

मला बघून ती रागावली. "इतकी माणसा जमली, आनी तू नारळ हाडलंस नाय?"

खाली उतरलो तर बायको म्हणाली, "वर गावची मंडळी भेटली वाटतं. इथपर्यंत ऐकू येत होतं."

"कोणी नव्हतं गं."

तिने आईचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

कोणी उत्तर दिलं, ते मला माहीत नाही. आमच्या गावचा देव एवढ्या लांब आला, की त्या कातळात शतकांपूर्वी राहून गेलेल्यांनी एका म्हातारीला बसायला जागा दिली? पूर्वी हे कळल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. आता नाही कळलं तरी चालतं. आईला त्यातलं काही आठवत नाही, माझं नावही तिला परत मिळालेलं नाही. तरी मी पुन्हा देव्हाऱ्यासमोर उभा राहतो. जाब विचारत नाही.

आभार कोणाचे मानायचे ते ठरेना, म्हणून पुढच्या रविवारी खोबरं-साखरेचा डबा घेऊन पार्काच्या गेटबाहेर उभा राहिलो. आई सोबत होती. येईल त्याच्या हातावर चिमूट ठेवत होतो. कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, "काका, कशाचा प्रसाद?" म्हटलं, "आई सापडली." ती हसली, आईच्या पाया पडली.

आईही वाटत होती. मधूनच, जिथे कोणी नव्हतं तिथेही ती हात पुढे करायची, थांबायची, मग पुढच्याकडे वळायची. मी तिला अडवलं नाही. तिचा हात रिकामा परत येतो का, तेही पाहिलं नाही.