आपला तठे शे

गल्लीतले आबा आमच्या घरी आले की बसण्याआधी त्यांचा हात बटणाकडे जायचा. ओट्यावरचा दिवा मालवून म्हणायचे, "दिवा बंद कर, भाऊ. आपला तठे शे." मग ऐसपैस बसून चहा मागायचे. आम्ही दोंडाईच्याची मंडळी त्यांना चिकट समजत होतो. असा एक म्हातारा तुमच्याही गल्लीत असेलच.

'तठे शे' म्हणजे तिथे आहे, आणि 'आपला' म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत तो सीमेवर होता. आमच्या पिढीला ती लढाई इतिहासाच्या पुस्तकात भेटली, दोन मार्कांपुरती. आबांच्या वाट्याला तिचा अंधार आला होता. रात्री गावात उजेड करायला बंदी होती आणि लोक ती पाळतही होते, पण दिवस पडले भरिताचे. खानदेशी माणूस एक वेळ बॉम्ब सोसेल, भरीत सोडणार नाही. लोकांनी मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी टाकली आणि चौघांनी जाळावर पत्रा धरला. विमानाला वरून पत्राच दिसेल, असा अंदाज! बाजूनं सगळा मळा उजळला होता. नुकतंच मिसरूड फुटलेल्या आबांनी विहिरीवरून बादली आणली आणि जाळावर ओतली. कच्ची वांगी खावी लागली म्हणून गाव हिवाळाभर त्यांच्यावर रुसलं होतं.

भाऊ परत आला नाही. दिवा मालवायची सवय मात्र राहिली.

पुढे आबांचा नातू हाताशी आला. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की तो मांडी थोपटून म्हणायचा, एकदाचं होऊनच जाऊ द्या. गल्लीतली सगळी पोरं त्याच्याच मताची, आणि खरं सांगायचं तर मीही. एकदा आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आपल्या घरनं कोन जाई?"

"मी जासू, आबा."

पोरगा बोलला तसा वागला. भरतीत निवडला गेला, ट्रेनिंग झालं, सीमेवर नेमणूक झाली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत आबा इकडचं तिकडचं बोलत राहिले. संध्याकाळी माझ्याकडे आले, दिवा मालवला, नेहमीचं वाक्य म्हणाले आणि चहा न मागताच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं नुसतं वाक्य होतं ते पुन्हा खरं झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले.

परवा गावात ब्लॅकआउटचा सराव झाला. भोंगा वाजला, दिवे गेले आणि गल्लीभर मोबाइलचे टॉर्च लागले, कारण अंधाराचा व्हिडिओ अंधारात निघत नाही. आबा असते तर बादली घेऊन धावले असते. थोड्या वेळानं दुसरा भोंगा झाला, सगळे दिवे लागले, टाळ्याही पडल्या. मी ओट्यावर तसाच अंधारात बसून होतो.

शेजारी म्हणाले, "लावा की दिवा, संपलं."

मी म्हटलं, "राहू द्या, भाऊ. आपला तठे शे."