उलटा बाण

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही धड ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एका कॉलेजात आम्ही भूशास्त्र शिकायचो. आमच्याकडे जिकडेतिकडे काळा कातळ, थरांचा खडक बघायला मिळत नाही, म्हणून सहलीला कच्छला नेलं. तिथे जुन्या समुद्राच्या तळाचे थर — वाळूचा खडक, चिखलाचा खडक, परत वाळू, परत चिखल. सर म्हणाले, समुद्र मागे सरला की वाळू, पुढे आला की चिखल. आम्ही माना डोलावल्या. वर्गातली डाळज गावची सुनंदा तेवढी डोलावेना.

"समुद्र हलला न्हाय, सर. एरवी खोल तळाला चिखलच बसायचा. वादळ आलं की किनाऱ्याची वाळू एका दमात तितं जायाची. जाड कण आधी बसायचं, बारीक मागनं."

आणि मी वाकून पाहिलं तर दिसतही तसंच होतं — वाळूच्या थरात खाली जाड कण, वर बारीक. सर म्हणाले, नमुना घ्या, कॉलेजात बघू. दगड काढण्याआधी त्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा, हा आमचा पहिला धडा. ते काम माझं होतं. मी घाईत आधी दगड फोडला, बाण मागाहून काढला. अंदाजाने. बसमध्ये दगडाची कड नीट पाहिली तेव्हा कळलं — जाड कण बाणाच्या टोकाकडे, म्हणजे बाण उलटा! पुसून नवा काढायला कितीसा वेळ लागला असता?

कॉलेजात सरांनी बाणाप्रमाणे दगड टेबलावर ठेवला. जाड कण वर, बारीक खाली — सुनंदा म्हणाली त्याच्या बरोबर उलट. वर्ग खो खो हसला. पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी सर एकाचंच नाव सुचवणार होते, आणि ते सुनंदाचं ठरल्यात जमा होतं. म्हणून मी गप्प बसलो. बाण चुकून उलटा झाला होता; गप्प मात्र मी ठरवून बसलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाण तूच काढलास न्हवं? मग माझंच बघण्यात चुकलं आसंल."

पुण्याला नाव माझं गेलं. आज मी वर्गात ते वादळच शिकवतो, तिच्याच शब्दांत. लाज वाटते? वाटते. पगारही घेतो.

पुढे एकदा ती इंदापूरच्या स्टँडवर भेटली. शिक्षण तिने तेव्हाच सोडलं होतं. "तू गेलास ते बरंच झालं," म्हणाली. "मला कुठं त्यातलं डोकं व्हतं?"

तिला ते खरंच वाटत होतं. मी हसलो, आणि बसमध्ये चढलो.