तिवसाचं बेचकं

आत्माराम मास्तर गेल्याचं मला खापरच्या बाजारात कळलं. आमच्या गावचा गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. वर न बघताच म्हणाला, "मास्तर गयात." विषमज्वर होता खरा, पण मी निघालो तेव्हा तो पेज मागून घेत होता... परतलो तोवर सगळं उरकलेलं, आणि शाळेच्या पटांगणात शोकसभा भरलेली. शाळेचे अध्यक्ष, ज्यांना सारं गाव मोठेभाऊ म्हणतं, डोळे टिपत सांगत होते की मास्तरांनी शाळेच्या दुर्बिणीला जीव लावला. आत्मारामची बायको, आमच्या वहिनी, समोर बसल्या होत्या म्हणून मी उठून गेलो नाही. आता महिना होत आला. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ती दुर्बीण आत्मारामनेच आणलेली. धडगावहून बदलून जाणाऱ्या एका जंगलसाहेबाच्या लिलावात त्याने ती शाळेसाठी घेतली आणि घाटभर मांडीवर सांभाळत आणली. खाली तीन पायांची तिवई, तिच्या माथ्यावर बिडाचं दोन दातांचं बेचकं, आणि त्यात खाली-वर होणारी पितळी नळी. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. नळीतून पाहिलेला चंद्र कागदावर उतरवताना माझा हात चालेना. दिवेलागणीला तो ती पटांगणात मांडायचा, आणि गावच्या बाजाराच्या दिवशी डोंगरातून डिंक-मोहफुलं घेऊन आलेल्या भिल्ल-पावरा बायामाणसांनाही रांगेत घ्यायचा. मोठेभाऊंना हे खुपायचं. ज्याची पूजा करायची त्याला कुणीही हात लावायचा म्हणजे काय, असं ते चारचौघांत बोलून दाखवत.

मग दसरा आला. घंटा, तराजू, नकाशे, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मोठेभाऊंनी दुर्बिणीचीही पूजा केली आणि नारळ फोडायला सगळी शाळा सोडून तो बेचक्यावरच आपटला. नारळ फुटला नाही. बेचक्याचा एक दात मात्र कडकन तुटून पडला. बीड ठिसूळ असतं, हे नांगर-रहाटात जन्म गेलेल्या माणसाला ठाऊक नसावं?

लगेच पंच बसले. मोठेभाऊ म्हणाले, "पूजानं यंत्र शे. खंडित व्हयनं. आते तापीमा सोडनं पडी." भंगलेली मूर्ती नदीत सोडतात तशी दुर्बीण सोडायची! आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी तोडली, हे एकानेही काढलं नाही. उलट मास्तरांनी मोडका माल गळ्यात मारून घेतला, अशी कुजबुज झाली. आत्माराम उठला, हात जोडले, चूक माझीच म्हणाला. मग हळूच विचारलं, "फाळ मोडना ते नांगर तापीमा सोडतस का, भाऊ?"

मोठेभाऊ चिडले. पण दुरुस्तीसाठी संक्रांतीपर्यंत मुदत दिली.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. माफी कसली मागतोस? तो म्हणाला, भांडलो असतो तर दुर्बीण उद्याच पाण्यात गेली असती. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

लोहाराने हात वर केले, बिडाला भट्टीत सांधा बसत नाही. परदेशातून नवीन मागवायचं तर युद्ध चाललेलं. शेवटी आत्मारामने डोंगरातून तिवसाचा ओंडका आणवला, ज्याच्या बैलगाड्या करतात तो. ओसरीवर बसून कानशीने घासायचा. पहिलं बेचकं खिळ्याच्या भोकापाशी चिरलं. दुसरं टिकलं, पण नळी त्यात ठरेना, चंद्रावर लावली की आपल्या वजनाने मान टाकायची. तेव्हा त्याने जुन्या मोटेच्या चामड्याच्या चकत्या कापून दोन्ही दातांत बसवल्या. नळी जिथे ठेवावी तिथे राहू लागली. बोटं सोलवटलेली, आणि हा बेटा हसतोय... संक्रांतीनंतरच्या पहिल्याच बाजाराला रांग पुन्हा लागली. एक पावरा म्हातारी नळीला दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ हलेचना. मोठेभाऊ ओट्यावरून बघत होते.

आणि आता त्याच मोठेभाऊंनी ठराव केलाय. मास्तरांच्या स्मरणार्थ दुर्बीण काचेच्या कपाटात, हार घालून, कायमची बंद. कुणी हात लावायचा नाही. त्याच्या हयातीत जे साधलं नाही ते त्याचंच नाव पुढे करून साधायचं, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

दर शनिवारी मारुतीला तेल घालून आल्यावर उरलेलं तेल आत्माराम त्या बेचक्याला चोळायचा. लाकूड आहे, उन्हाळ्यात तडकेल म्हणायचा. हल्ली ते मी चोळतो. परवा चोळत असताना मोठेभाऊ आले, कपाट तयार आहे म्हणाले, आणि आत्मारामनंतर माझ्याकडे आलेली दुर्बिणीच्या खोलीची किल्ली मागितली.

मी हात पुसले. म्हटलं, "आज बाजार शे, भाऊ. लोके यी ऱ्हायनात. तुम्हीबी रांगमा उभा ऱ्हा."