गुरुवारी आण

माझं आणि माझ्या ओव्हनचं तीन आठवडे भांडण चाललं होतं. केक आत ठेवला की वीसेक मिनिटांनी हे महाशय गप्प. दिवा बंद, घुरघुर बंद, आणि मधोमध खळगा पडलेला कच्चा केक माझ्याकडे बघतोय. अर्ध्या तासाने बटण फिरवावं तर पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. नवरा म्हणाला, "नऊ-दहा वर्षं झाली त्याला, नवीन घेऊ." मी म्हणाले, "मावशी असताना?"

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय चौसष्ट, डावखुरी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि अंगात चार खिशांचा जाड एप्रन. आमच्या भागातले निम्मे मिक्सर आणि ओव्हन तिच्या हाताखालून गेलेले. दुरुस्तीचं दुकान मूळचं काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. ती रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची आणि बसून राहायची. काका काम करताना बडबडायचे, ही ऐकायची. असं ऐकत ऐकत बाई कारागीर झाली. नऊ वर्षांपूर्वी काका दुकानातल्या टेबलावरच डोकं टेकून गेले, आणि पंधरा दिवसांत मावशीने शटर वर केलं. मी हे ज्याला त्याला सांगत फिरायचे, जणू शटर मीच उचललं होतं.

मावशीची एक शिकवण सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होती. तापणाऱ्या प्रत्येक यंत्रात नखाएवढा एक पार्ट असतो, यंत्र अती तापलं की तो वीज तोडतो. मावशी त्याला राखणदार म्हणायची. "आपोआप बंद पडणाऱ्याला नावं ठेवू नका," ती म्हणायची, "बंद न पडणाऱ्याला भ्या." काही कारागीर हा पार्ट हाताशी नसला की सरळ दोन वायरी जोडून मोकळे होतात. त्याला म्हणतात 'डायरेक्ट करणं'. हा शब्द मावशीसमोर काढायची सोय नव्हती. समोरच्या गल्लीतल्या एका कारागिराला तिने एकदा भर रस्त्यात झापलं होतं. "राखणदार काढलास आणि दार सताड उघडं ठेवलंस! माणसं राहतात रे त्या घरात!" तो बिचारा पुढे कित्येक महिने मावशी दिसली की रस्ता ओलांडायचा.

तर मावशी पिशवी घेऊन दुपारी माझ्याकडे आली. माझी सात वर्षांची मुलगी स्टुलावर उभी राहून सिंकमध्ये कप धूत होती, म्हणजे स्वतः भिजत होती. मी लगेच स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मावशीने माझा हात बाजूला सारला.

"आधी त्याला माझ्यासमोर बंद पडू दे. नाडी न बघता पोट फाडतात का कुणी?"

तिने मी मध्ये लावलेली एक्स्टेंशनची लांबलचक वायर काढून फेकली आणि ओव्हन भिंतीतल्या प्लगला लावला. आत पाण्याचं भांडं ठेवलं, मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. मग प्रश्न. रोज तेवढ्याच वेळाने बंद पडतो का? हलवला की चालू होतो का? थंड होऊ दिला तरच चालू होतो? अधूनमधून ती प्लगवर तळहात ठेवून बघायची. प्लग गार होता. बाविसाव्या मिनिटाला ओव्हन गपकन बंद पडला आणि मावशी खूश झाली.

"सापडला चोर. तापलं की कुठलातरी सांधा सुटतोय, गार झालं की परत टेकतोय."

प्लग काढला, ओव्हन पुरता गार होऊ दिला आणि मागचे स्क्रू काढले. पत्रा बाजूला होताच जळकट वास आला. मावशीने टॉर्च आत धरला आणि तिचा चेहराच उतरला. राखणदाराची जागा रिकामी होती. तिथे दोन वायरी एकमेकींना पिळून जोडलेल्या, वरचं आवरण काळं पडून गळून गेलेलं. उघडी तार लोखंडी पत्र्यापासून जेमतेम बोटभर लांब. माझी मुलगी रोज ओल्या हातांनी ओव्हनच्या पत्र्याला टेकून केक फुगतोय का ते बघते. मी मुलीला स्टुलावरून उतरवून माझ्याजवळ उभं केलं.

मावशी मात्र भडकली. "कुणाकडे नेला होतास माझ्या पाठीमागे? कुठल्या गाढवाने हा डायरेक्ट केला?"

"अगं, तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही याला!"

"खोटं बोलू नकोस."

"मुलीची शपथ, मावशी."

तिने टॉर्च अजून जवळ नेला. सांध्यावर उष्णतेने तपकिरी झालेला दोरा बांधलेला होता. तीन वेढे, आणि गाठ डाव्या अंगाला ओढलेली. ती गाठ मी तिच्या टेबलावर शेकडो वेळा पाहिली होती. तशी गाठ दुसरं कुणी बांधत नाही, उजव्या हाताच्या माणसाला ती जमतच नाही. टॉर्च मावशीच्या हातातून निसटला आणि फरशीवर घरंगळत गेला.

"ही माझी गाठ आहे," ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, "आजी, तू रडतेस?" मावशी रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एखाद्या लहान मुलाने बघावं तशी.

"मी तुला सांगितलं होतं का गं? यात राखणदार नाही म्हणून?"

मला त्या क्षणी सगळं आठवलं. काका जाऊन महिनाही झाला नव्हता. येणारी माणसं दुकानाच्या पायरीवरून आत डोकावायची आणि बाई बघून परत फिरायची. 'पार्ट नाही' म्हटलं असतं तर उरलीसुरलीही गेली असती. मी ओव्हन नेला होता. तिने तो चालू करून दिला आणि म्हणाली, "सध्यापुरतं भागवलंय, राखणदार नाहीये यात. गुरुवारी आण, पार्ट येतोय. विसरू नकोस." मी म्हटलं, "हो हो." गुरुवारी काहीतरी काम निघालं. पुढच्या गुरुवारी केक सुरेख झाला. चालणारी वस्तू कोण दुरुस्तीला नेतं?

सगळं आठवलं, आणि मी म्हणाले, "नाही गं, आठवत नाही."

का म्हणाले? मुलगी समोर उभी होती म्हणून. लाज वाटली म्हणून. दुसरं कारण नाही, आणि हे काही कारण नव्हे.

मावशीने पिशवीतून नवा राखणदार काढून बसवला. पत्रा लावताना मी स्क्रू धरून दिले. चहा न घेता ती गेली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती स्क्रूड्रायव्हर एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळत होती.

"हे काय?"

"आपण काय केलं तेच जिला आठवत नाही, तिने लोकांच्या घरात वीज जोडू नये," ती म्हणाली. "त्या दिवसांतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आणि मी लोकांना शिकवत हिंडले."

मी तिच्या समोर खाली बसले आणि सांगून टाकलं. गुरुवार, पार्ट, माझं 'हो हो', आणि चार दिवसांपूर्वीचं खोटं.

तिने माझ्या कानाखाली वाजवली. एक्केचाळीस वर्षांच्या बाईच्या, डाव्या हाताने, सणसणीत. मी थक्कच झाले. आईनेसुद्धा मला कधी मारलं नव्हतं.

"म्हणजे मी सांगितलं होतं," ती म्हणाली आणि तिने मोठा श्वास घेतला. मला वाटलं, दोघी सुटलो. पण तिचा चेहरा पुन्हा पांढरा पडला. "म्हणजे बाकीच्यांनाही सांगितलं असणार. तू माझी भाची असून आली नाहीस. ते कुठले यायला?"

तिला गिऱ्हाइकांची नावं आठवत नव्हती, वस्तू आठवायला लागल्या. कुणाची हिरवी पट्टी, कुणाचा तुटका कान. दोन दिवस ती डोळे मिटून बसायची आणि मी लिहायचे. सहा निघाल्या. मी गाडी काढली आणि त्या खुणा सांगत, विचारत आम्ही दारोदार हिंडलो. पाच घरं सापडली. पाचही घरांत तेच वाक्य ऐकलं, "अहो, उत्तम चालतोय की, कशाला उघडता?" पाचही ठिकाणी पत्र्याआड तोच दोरा, तेच तीन वेढे. एका घरात त्या यंत्राला लागून पाळणा होता. मावशीने तिथे आधी पाळणा सरकवला, मग पाणी मागितलं, मग काम केलं.

सहावा होता भाताचा कुकर. पांढरा, झाकणावर निळी रेघ, एका नर्सबाईंचा. त्या सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या. घरमालकाला पत्ता ठाऊक नाही, दवाखान्यातल्या लोकांना नवीन नंबर ठाऊक नाही. आम्ही जिथे सुचलं तिथे विचारलं. अजून विचारतो.

दुकान पुन्हा उघडलंय. पार्ट नसेल तर मावशी वस्तू आता ठेवूनच घेते, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी. एप्रनच्या डाव्या खिशात त्या कुकरचा राखणदार कागदात गुंडाळून ठेवलेला आहे. मी आठवड्यातून तीन दुपारी तिच्या हाताखाली बसते, तिने बोलावलं नव्हतं तरी. मोठ्या रस्त्यावरून आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली की तिचा हात कामावर थांबतो.

"बघ गं," ती म्हणते, "कुठल्या बाजूला गेला."

मी बाहेर जाऊन बघून येते.