बिस्किटाचा अर्थ

राइट टाउनातले आमचे शेजारी कचेरीत कारकून होते, पण एका पाद्र्याकडून त्यांनी थोडी फ्रेंच उचलली होती. साऱ्या मध्यप्रांतात ती आपल्यालाच येते, असा त्यांचा चेहरा असे. चहाबरोबर बिस्किट दिलं, की ते आधी चष्म्याजवळ नेत.

"अच्छा. हा शब्द फ्रेंच आहे, भाऊ. बिस म्हणजे दोनदा, क्वी म्हणजे भाजलेलं."

एवढं ऐकेपर्यंत आमचा चहा निवून जाई.

त्यांच्या आईचं सोवळं कडक होतं. बेकरीतला जिन्नस त्यांच्या उंबऱ्याआत येत नसे. एकदा त्या तापाने अंथरुणाला खिळल्या आणि पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी बिस्किट द्यायला सांगितलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी समाचाराला गेलो, तेव्हा हे उशाशी बसून तोच धडा देऊन राहिले होते.

"दोनदा विस्तवावरून निघालं, आई. आता काहून ओवळं?"

"परक्याचा विस्तव तो," आई भिंतीलाच म्हणाल्या.

ते उठले. मग सोवळं नेसले, स्वयंपाकघरात गेले आणि घरच्या चुलीवर, घरच्या तव्यात, ती बिस्किटं पुन्हा भाजून घेऊन आले. कडा जरा करपल्या होत्या. आईंनी दुधात बुडवून दोन खाल्ली.

त्या बऱ्या झाल्यावर एकदा चहाला मी मुद्दामच विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ काय म्हणाला होतात?"

त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

"फ्रेंच आहे, भाऊ. तीनदा भाजलेलं."