सुकटीची फोडणी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही — त्याला काय सांगायचं, त्याने बघितलंच होतं. बसा जरा. मी बोलते तसंच लिहिते. शाळेत गेलेली बाई नाही मी, माझी थोरली कुसुम, तिच्या पाटीवर तिच्या शेजारी बसून अक्षरं शिकले. आणि एक आधीच सांगते — ऐकून झाल्यावर ‘अडाणी होती बिचारी’ असं म्हणायचं नाही. मला सगळं कळत होतं.

त्या वर्षी आमच्या कर्जतच्या भागात देवीची साथ आली. शेजारच्या वाडीत पोरं दगावली आणि गुरुजींनी शाळेला कुलूप लावलं. कुसुम सातवीत. नवरा म्हणाला, “शाळा बंदच हाय तर पोरगी कशाला बसवून ठेवायची? कशेळ्याचं स्थळ आलंय, देऊन टाकू.” सातवी पास झाली तर मास्तरीण होईल, असं गुरुजी मला म्हणाले होते. मला तेवढं एकच दिसत होतं — शाळा उघडली पाहिजे. म्हणजे कुसुम सुटेल.

आणि तेवढ्यात आमच्याच घरात, धाकट्या बाबूच्या अंगावर फोड उठले.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक हवी. घरात देवी आल्या की कोणी तोंडाने सांगत नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा. आणि चुलीवर फोडणी म्हणून घालायची नाही — तेल चुरचुरलं की देवी कोपते, पोराच्या अंगाची आग होते. मासळी तर नावालाही नको. तेवढ्यावरून गावाला समजतं, त्या घराची पायरी कोणी चढत नाही.

शाळा उघडायची का, ते ठरवायला शाळेच्या पडवीत सगळे जमले. हौसा — माझ्या बाजूच्या घरातली, माझी जिवाभावाची — तावातावाने उठली. “शाळा काय पळून जातेय का, गुरुजी? पोर गेली तर नवी आणून देनार काय तुमी?”

एक म्हातारा म्हणाला, “हौसे, तुझी पोरगी शांता घरी ऱ्हायली की तुझी भांडी घासून निघतात, ते सांग ना!”

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. कोवळाच माणूस होता. म्हणाले, “मुलांचं वर्ष जातंय, पण वर्षापायी जीव नको. कुणाच्या घरी असेल तर मी उघडत नाही. उद्या घरोघर येतो.”

सगळ्यांत आधी कोण बोललं असेल? मीच. “आमच्याकडं काय नाय.”

सकाळी गुरुजी आळीच्या तोंडाशी दिसले, तशी मी तव्यात तेल सोडलं, लसूण ठेचून टाकला, वर सुकट. असा वास सुटला म्हणता! आत बाबू खोकायला लागला. कुसुमला म्हटलं, गोधडी ओढ त्याच्या तोंडावर. ती रडवेली — “आई, त्याच्या अंगाची आग होईल गं.”

“गप गं. जा आत.”

म्हणजे पोराला बाधेल हे मी मानत होते. मानत असून घातली. कळतंय ना?

गुरुजी दारात थांबले. “काय वहिनी, सुकट वाटतं?”

“या की, भाकर खाऊन जा.”

“नको नको, वासानंच जेवलो,” म्हणाले आणि हसत पुढे गेले. सुकट तळणाऱ्या घरात देवी असणार कशी? हौसानेही तोच वास घेतला. आणि शाळा उघडली तशी तिने शांताला पाठवली.

कुसुमला देवी टोचलेली होती, तिला भीती नव्हती. शांताला टोचलेली नव्हती — टोचणारा शाळेत आला त्या दिवशी ती खिडकीतून उडी टाकून पळाली, हे हौसाने हसत हसत मलाच सांगितलेलं. थंडीचे दिवस. कुसुम बाबूच्या अंगावरची शाल ओढून शाळेत घेऊन गेली. दोघी मैत्रिणी बसकरपट्टीवर एका शालीत बसायच्या. शाल नेताना मी बघितलं. हाक मारली नाही — मारली असती तर का मारली, ते सांगावं लागलं असतं.

शांताला देवी आल्या. मग आणखी घरांना डहाळे लागले. शांता वाचली, डावा डोळा गेला. बाबूही वाचला. तो वण घेऊन अंगणात आला तेव्हा गावात वणांची पोरं इतकी होती, की पहिला कोण, हे कोणी विचारलं नाही.

गावाने गुरुजींना धरलं. “ह्यालाच लई घाई!” त्यांच्या दारावर शेण मारलं. ते बदली घेऊन घाटावर गेले. त्या गर्दीत मी होते. तोंडाला पदर लावून उभी. माझा एक शब्द पुरला असता. बोलले का? नाही.

कुसुम आज खालापूरकडे मास्तरीण आहे. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. खबरदार! माझं पाप तिच्या नोकरीच्या पदराखाली झाकायचं नाही. आणि तिला शिकवायला नको होतं, असंही माझ्याकडून वदवून घ्यायचं नाही. पोरगी शिकायलाच हवी होती — भर बाजारात म्हणेन. आणि फोडणी मी घातली, जाणूनबुजून घातली, शेजारणीच्या पोरीच्या जिवावर घातली. तेही भर बाजारात.

हौसा गेली. शांता बाजूलाच राहते, लग्न झालं नाही तिचं. आता मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी हाक मारते, ती येते, त्या एका डोळ्याजवळ सुई धरून ओवून देते. चुलीवर सुकट असली की म्हणते, “काकी, काय वास सुटलाय गं!” मी तिला वाढते.

हे छापून आलं की पहिल्यांदा तिच्याच हातात देणार. वाचता येतं तिला. तिच्या ओटीवर बसून वाचेल. मी घरातच असेन — दाराला कडी न लावता.